तुम्ही विचारलंत म्हणून: इलोकानोंना एवढा कसला अभिमान?

प्रश्न ठरलेला असतो. फिलिपिन्सची भाषा टागालोग, मग उत्तरेकडच्या इलोकोस भागातल्या लोकांची ही इलोकानो म्हणजे तिचीच एखादी बोली ना? आणि बोलीच असेल, तर त्या लोकांना तिचा, आपल्या जेवणाचा, घरातल्या रीतीभातींचा एवढा अभिमान कशाला?

हे मराठी माणसाने विचारलं की मला जास्त लागतं. कोकणीला ‘मराठीची बोली’ म्हणण्यात आपण किती वर्षं घालवली! 1975 साली साहित्य अकादमीने तिला मान्यता दिली, 1992 साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, आणि तरीही ते वाक्य अजून कानावर येतं. मीही ते एके काळी बोलत असे. त्यामुळे विचारणाऱ्यावर चिडण्याचा माझा हक्क अर्धाच आहे. आणि इथे तर कोकणी-मराठीइतकीही जवळीक नाही. मनिलात वाढलेल्या, इलोकानो कधी न ऐकलेल्या माणसाला इलोकोसमधल्या लाओआग शहराच्या बाजारातलं बोलणं समजत नाही. पाणी टागालोगमध्ये ‘तुबिग’, इलोकानोत ‘दानुम’. होकार तिकडे ‘ओओ’, इकडे ‘वेन’. नकार तिकडे ‘हिंदी’, इकडे ‘सआन’. शब्द सोडा, सांगाडा बघा. घराला टागालोगमध्ये ‘बाहाय’ आणि इलोकानोत ‘बालाय’ म्हणतात, इथवर दोघी चुलतबहिणी. पण अनेक घरं म्हणायची झाली की टागालोग पुढे ‘मंगा’ हा वेगळा शब्द लावते, तर इलोकानो शब्दाचा पहिला तुकडा व्यंजनासकट दुमडून ‘बाल्बालाय’ करते. ‘जेवतो आहे’ हेही तसंच: ‘मांगान’वरून ‘मांगमांगान’. देशात बोलणाऱ्यांच्या संख्येने ही तिसरी भाषा आहे, टागालोग आणि सेबुआनोच्या खालोखाल. 1621 साली तिच्यात ख्रिस्ती प्रश्नोत्तरीचं पुस्तक छापलं गेलं. त्यात जुन्या लिपीतल्या अक्षरांखाली फ्रान्सिस्को लोपेझ या पाद्र्याने छोटा क्रूस जोडला, कारण त्या लिपीत शब्दाच्या शेवटचं व्यंजन लिहायची सोयच नव्हती. आपल्या पाय मोडण्याचंच काम तो क्रूस करतो. ‘बान्नावाग’ म्हणजे पहाट, या नावाचं इलोकानो नियतकालिक 1934 साली सुरू झालं. बोलीचा मुद्दा मी इथे संपवते.

अभिमान कसला, हा प्रश्न मात्र खरा आहे. पूर्वी मी त्याला ठरलेली यादी ऐकवायचे: विगान या जुन्या शहराच्या दगडी गल्ल्या, 1999 सालचं जागतिक वारसा हे बिरुद, लाम-आंग या वीराचं महाकाव्य, लेओना फ्लोरेंतिनो या कवयित्रीची कविता. यादी खरी आहे, पण ती पाहुण्यांसाठीची आहे. तिच्यावर कुणाचं घर चालत नाही.

घर कशावर चालतं ते पिनाकबेत या भाजीमध्ये दिसतं. हा शब्द ‘आकसलेलं, सुरकुतलेलं’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला आहे, आणि सगळी कृती त्या अर्थातच आहे. बोटाएवढी कोवळी कारली, लहान वांगी, भेंडी, टोमॅटो, आलं आणि ‘लासोना’, म्हणजे छोटे कांदे. हा शब्द संस्कृत ‘लशुन’चा, आपल्याकडे तो लसणाला चिकटला, तिकडे कांद्याला. कारली आणि वांगी देठाकडून जोडलेली ठेवून चिरा द्यायच्या, आपण भरल्या वांग्यांना देतो तशा. तळाशी टोमॅटो, कांदा, आलं, वर भाज्या. दोन-तीन चमचे बुग्गुओंग, म्हणजे मिठात महिनोन्‌महिने मुरवलेली बारीक मासळी, अर्धी वाटी पाण्यात उकळायची, काटे गाळून काढायचे आणि ते पाणी वरून ओतायचं. वेगळं मीठ नाही. झाकण लावायचं. वाफ धरली की भांडं दोन्ही कानांना धरून उसळायचं आणि पुन्हा चुलीवर ठेवायचं. पळी आत घालायची नाही, हा नियम आहे. पळी फिरली की कारलं फुटून त्याचा कडवटपणा सगळ्या भांड्यात उतरतो, वांग्याचा लगदा होतो आणि भेंडीला तार सुटते. पाणी जास्त झालं तर भाजी आकसत नाही, नुसती शिजते. मनिलाकडे याच नावाखाली लाल भोपळा आणि कोलंबीचं बुग्गुओंग घालतात. भोपळा विरघळून रस दाट आणि गोड होतो. पदार्थ वाईट नसतो, वेगळा असतो. इलोकानो बाई ते बघून ‘हे आमचं नाही’ म्हणते तेव्हा तिला कोती ठरवायची घाई लोकांना का होते, ते मला कळत नाही. पुरणपोळीत पुरणाऐवजी दुसरं काही भरलं तर आपण काय म्हणू?

हादग्याची फुलं ते खातात, ‘कातुदाय’ म्हणतात. आतला कडू दांडा काढून, उकळत्या पाण्यातून काढून, टोमॅटो आणि बुग्गुओंगबरोबर. शेवग्याचा पाला, घोसाळी, रानातली पालेभाजी हे रोजचं. कुंपणावर आणि बांधावर जे उगवतं ते पानात येतं, म्हणून बाकीचे फिलिपिनो त्यांना ‘कुरिपोत’ म्हणतात, कंजूष. मी याला भूगोलाचं उत्तर द्यायचे: एका बाजूला कोर्दिल्येराचे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी, आणि नोव्हेंबर ते एप्रिल जवळजवळ कोरडे. उत्तर बरोबर आहे, पण हल्ली ते देताना अडखळायला होतं. ते देताना मी आरोप मान्यच करून टाकते आणि वर दयेची याचना करते. इलोकानोत काटकसरी माणसाला ‘नासालिमेतमेत’ म्हणतात, आणि तो शब्द कौतुकाने वापरतात. त्याला क्षमा मागायची गरज नाही.

आता बासी. अभिमान म्हणजे काय हे मला समजलं असेल तर ते बासीच्या गोष्टीतून, म्हणून इथे वेळ घेते.

बासी ही उसाच्या रसाची दारू. नुसतं ‘दारू’ म्हटलं की आपल्याकडे वास येतो, तो बाजूला ठेवा. ऊस बैलाऐवजी रेड्याने फिरवलेल्या चरकात, ‘दापिल’मध्ये, पिळायचा. रस थांबवून ठेवायचा नाही. काही तासांतच तो आंबट व्हायला लागतो आणि पुढचं सगळं बिघडतं. मोठ्या काहिलीत उकळायचा, मळी काढत राहायची आणि तो आटून घट्ट होऊ द्यायचा. आपल्या गुऱ्हाळात काकवीच्या कितीतरी आधी उतरवावा, तसा. मग पूर्ण गार. इथे घाई करणाऱ्याची बासी होत नाही: रस गरम असताना ‘बुबोद’, म्हणजे तांदळाच्या पिठाचं विरजण, घातलं तर त्यातलं यीस्ट मरतं आणि रांजणात नुसता गोड रस पडून राहतो. गार रस विगानच्या ‘बुर्नाय’ रांजणात भरायचा. हे रांजण भट्टीत इतके कडक भाजलेले असतात की झिलईशिवायही पाझरत नाहीत. त्यात बुबोद आणि ‘गामू’ घालायचं, म्हणजे सामाक नावाच्या झाडाची पानं नि फळं. त्यांनी तुरटपणा आणि किंचित कडवटपणा येतो, आणि तांबूस रंगही. तोंडाला केळीची पानं बांधायची. फसफस शांत झाली की तोंड घट्ट बंद करून निदान सहा महिने ते वर्ष हात लावायचा नाही. तोंड सैल राहून हवा आत जात राहिली तर बासीचा ‘सुका’ होतो, म्हणजे व्हिनेगर. तोही फेकत नाहीत, स्वयंपाकघरात जातो.

एका रांजणामागे वर्ष जातं. आणि तो उघडायचा कधी? लग्नात, कापणीला, आणि मयताच्या घरी. ‘आतांग’ म्हणजे मेलेल्यांसाठी वाढलेलं पान: भात, तांदळाचे गोड पदार्थ, विडा, तंबाखू आणि बासी. घरच्यांनी खाण्याआधी ते मांडायचं. पितृपक्षात पान वाढणाऱ्याला यातलं काही समजावून सांगायला लागू नये. पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडायचे, जे दिसत नाहीत त्यांच्यासाठी.

1782 मध्ये स्पॅनिश सरकारने तंबाखूचा मक्ता आणला. 1786 मध्ये दारूचाही आला. घरी बासी करायला बंदी; ऊस तुमचा, रांजण तुमचे, पण बासी सरकारी दुकानातून विकत घ्यायची. सरकारच्या हिशेबात ही महसुलाची बाब होती. त्या घरांच्या हिशेबात आपल्या बापाच्या पानावर ठेवायची वाटी आता पैसे मोजून आणायची होती. वीस वर्षं लोकांनी हे सोसलं. 16 सप्टेंबर 1807 ला पिद्दिग गावात बंड झालं. पेद्रो मातेओ आणि सालारोगो अंबारिस्तो पुढे होते. बंडखोर एकेक गाव घेत दक्षिणेला विगानच्या दिशेने निघाले. 28 सप्टेंबरला सान इल्देफोन्सोजवळ बांताओआय नदीवर सरकारी फौजेने त्यांना गाठलं आणि बंड संपलं. बारा दिवस. 1818 साली इलोकोस प्रांताचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करण्यात आले.

या बारा दिवसांची चित्रं आहेत. विगानच्या एस्तेबान विल्यानुएवाने 1821 साली चौदा चित्रं काढली. आकाशात शेपटीवाला तारा दिसतो, तो 1807 चा खरा धूमकेतू. रांगेने चालणारे सैनिक, नदी, प्रेतं, आणि शेवटाकडे फाशी. ती विगानच्या संग्रहालयात जपलेली आहेत. ती बघताना एक गोष्ट टोचत राहते: चित्रांची नजर जिंकलेल्यांची आहे. बंडखोर लहान आणि एकसारखे आहेत, कुणाला चेहरा नाही. दोनशे वर्षांनी इलोकानो माणसं ज्या चित्रांपुढे अभिमानाने उभी राहतात, त्यांत त्यांचे पूर्वज मारले जाताना नीटनेटके रंगवले आहेत. मी आधी लिहायचे की बंड फसलं पण परंपरा टिकली. हे वाक्य आता मला लिहिता येत नाही. टिकली ती बंडामुळे का, बंड विसरून घराघरांत लोक गुपचूप रांजण भरत राहिले म्हणून का? मला दुसरं खरं वाटतं. पण मग नदीवर मेले त्यांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

अभिमानावर आणखी एक आक्षेप घेतला जातो, तो टाळणं प्रामाणिकपणाचं नाही. फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले फर्डिनांड मार्कोस इलोकानो होते, 1917 साली सर्रातमध्ये जन्मलेले. 1972 साली त्यांनी मार्शल लॉ लावला तेव्हा तुरुंगात गेलेल्यांमध्ये इलोकानोही होते. तरी ‘आपला माणूस’ म्हणून त्या घराण्यामागे उभं राहणारे उत्तरेत पुष्कळ आहेत, आणि ते ज्याला अभिमान म्हणतात त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्या कारणासाठी पिनाकबेत आणि आतांग यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला मान्य नाही.

राहिली भाषा. 30 डिसेंबर 1937 ला राष्ट्राध्यक्ष केसोन यांनी राष्ट्रभाषेचा पाया म्हणून टागालोग जाहीर केली. ज्या संस्थेने ती शिफारस केली तिच्यात सांतियागो फोनासिएर हे इलोकानो सदस्यही होते. पुढे 2012 साली ला उनियन प्रांताने इलोकानोला अधिकृत भाषेचा दर्जा दिला, त्याच सुमारास शाळांत बालवाडी ते तिसरी मातृभाषेतून शिकवणं देशभर सुरू झालं, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये कायद्याने ती सक्ती उठली. पुस्तकं कमी पडली, शिक्षकांना पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, वर्गात तीन-तीन भाषांची मुलं होती. या अडचणी खऱ्या होत्या. पण अडचण होती म्हणून पुस्तकं छापण्याऐवजी भाषाच बाजूला केली, याचा मला राग आहे.

राग आला की मी 1807 ची आठवण करून देते: तेव्हा घरी बासी करायला बंदी होती, आज घरी इलोकानो बोलायला कुणाची बंदी आहे? हे बोलून झाल्यावर मलाच ते कठोर वाटतं. 20 डिसेंबर 1906 ला ‘डोरिक’ बोटीतून पंधरा फिलिपिनो मजूर हवाईतल्या होनोलुलूला उतरले, उसाच्या मळ्यांवर काम करायला. त्यानंतर हजारोंनी इलोकानो तिथे गेले. मुलांशी इंग्रजीत बोलणारे आईबाप त्यांचीच नातवंडं-पतवंडं आहेत, आणि इंग्रजी येत नसल्याची किंमत त्या घरांना पिढीजात माहीत आहे. मनिलात नोकरी शोधणाऱ्याला टागालोगची तशीच गरज. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तरी मुलाने आजोबांना ‘आपो’ म्हणावं, मोठ्या भावाला ‘मानोंग’, बहिणीला ‘मानांग’, आणि पुढचं सगळं वाक्य इंग्रजीत, हे ऐकवतही नाही.

मराठीला हे समजायला एक सोय आहे. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. हिंदीत नाहीत, इंग्रजीत नाहीत. इलोकानोत आहेत. ‘बालायमी’ म्हणजे आमचं घर, तुमचं नव्हे. ‘बालायतायो’ म्हणजे आपलं, सगळ्यांचं. आणि ‘बालायता’ म्हणजे फक्त तुझं नि माझं, दोघांचंच. हे मराठीतही नाही. या भाषेचं जुनं नाव ‘सामतोय’. ते ‘साओ मी दितोय’ याचं आखूड रूप सांगतात: आमचं इथलं बोलणं. त्यातला ‘मी’ म्हणजे ‘आम्ही’, ऐकणाऱ्याला वगळणारा. बाहेरच्याने विचारलं तेव्हा दिलेलं हे उत्तर आहे, आणि बाहेरच्याला ते तसंच द्यायला हवं. पण लाओआगमधली आजी ‘साओमी’ हा शब्द स्वतःच्या नातवाशी बोलताना वापरायला लागली, तर ती चूक तिची मानायची की त्याची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.