जमीन सरकते, मग कोल्हापूर जवळ का येत नाही?

खानापूर तालुक्यात भूगोल शिकवताना एक प्रश्न दरवर्षी येतो, आणि हल्ली गावातली मोठी माणसंही विचारतात: "सर, खंडं सरकतात म्हणता, मग बेळगाव-कोल्हापूर अंतर कसं तेवढंच?" विचारताना ओठांवर हसू असतं. सीमाभागात कोल्हापूर जवळ कधी येणार, हा नुसता भूगोलाचा प्रश्न नसतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सरकतो तो भूपट्ट, म्हणजे वरचं कवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा घट्ट थर मिळून साधारण शंभर किलोमीटर जाडीची शिळा. भारतीय भूपट्टावर बेळगाव आहे, कोल्हापूर आहे, बेंगळुरू आणि मुंबईही आहे. एकाच एसटीत बसलेल्या दोघांमधलं अंतर गाडी निपाणीला पोचली म्हणून कमी होत नाही. हा भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर ईशान्येकडं जातो. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून आपण साडेतीन मीटरभर पुढं आलो, आणि ती सीमारेषाही आपल्याबरोबरच आली. (इथं वर्गात हमखास हशा पिकतो.)

हे अंदाजपंचे नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत नव्वदच्या दशकापासून जीपीएस केंद्र आहे. उपग्रहांच्या आधारे त्याचं सरकणं मिलिमीटरांत मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनरनं 1912 साली खंडं सरकतात हा विचार मांडला तेव्हा त्याच्याकडं जुळणारे किनारे, खडक, जीवाश्म होते. पण खंडांना हलवतंय कोण, याचं पटणारं उत्तर नव्हतं. 1930 साली तो ग्रीनलंडच्या बर्फात वारला. चित्र स्पष्ट झालं ते साठच्या दशकात, समुद्राच्या तळाचा अभ्यास झाल्यावर. तळावरच्या डोंगररांगांत नवा तळ तयार होतो, दूर जाताजाता थंड आणि जड होतो, आणि शेवटी खोल गर्तेत दुसऱ्या भूपट्टाखाली बुडतो. बुडताना मागचा भाग ओढून नेतो. सगळ्यांत मोठा जोर या ओढीचाच. आपण लाव्ह्याच्या समुद्रावर तरंगतोय, हे मात्र डोक्यातून काढून टाका. प्रावरण घन आहे. भयंकर तापलेलं असल्यानं लाखो वर्षांच्या हिशेबात ते वाहतं, एवढंच.

पुरावा बघायला लांब जायला नको. बेळगावच्या घरांच्या जोत्यांना लागलेला काळा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो ओतला गेला तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाच्या भागात होती. मादागास्कर त्याआधीच, साधारण 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी, आपल्यापासून सुटलं होतं. पुढं भारत आणि आशिया यांच्यामधल्या टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली बुडत होता, तेव्हा भारत वर्षाला 15 सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त वेगानं धावत होता! सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकला आणि वेग उतरला. धारवाडच्या वाटेला लागलात की हा काळा थर संपत जातो. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून उडी घेते, तो वालुकाश्म तर कितीतरी जुना. तो साचला तेव्हा डायनोसॉरसुद्धा जन्मायचे होते.

तर अंतर खरोखर कमी होतंय ते हिमालयापलीकडच्या ल्हासाशी. हिमालयात वर्षाला सुमारे 2 सेंटीमीटर आकसतात, ताण साचतो आणि कधीतरी सुटतो. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 ला सुटला तसा. यावर लगेच पुढचा प्रश्न: "म्हणजे आपण मधल्या भागात, आपल्याला भीती नाही?" कडेपेक्षा कमी. पण तिकडचा रेटा भूपट्टभर पोचतो आणि एखादी जुनी भेग हलते. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप भूपट्टाच्या पोटातलाच. कोयनेचा, 11 डिसेंबर 1967 चा, धरणात साठलेल्या पाण्याशी जोडतात. तिथंही ताण पाण्यानं आणला नव्हता, तो आधीच होता. पाणी निमित्त झालं.