तिसरा सीझन, बेटकास्टर आणि बाटल्यांच्या अलीकडचं पाणी

होळी झाली, पाणी उतरायला लागलं आणि मरळ वर यायला लागली, म्हणजे आपला सीझन सुरू झाला मंडळी. मागच्या अपडेटला लिहिलं होतं की बेटकास्टर (ज्यात दोरीचं चक्र, म्हणजे स्पूल, स्वतः फिरतं ते रीळ) विकून परत साध्या स्पिनिंग रीळवर जावं का असं चाललंय मनात. नाही विकलं. या महिन्यात 6 वेळा गेलतो, 4 वेळा मांजरा धरणाच्या धनेगावच्या बॅकवॉटरला आणि 2 वेळा लातूरजवळच्या साई बॅरेजच्या वरच्या अंगाला, एकूण 19 वेळा मरळीनं गळ लावलेल्या रबरी बेडकावर तोंड मारलं आणि त्यातल्या 8 हातात आल्या. मागच्या वर्षी याच महिन्यात 23 वेळा मारलं होतं आणि आल्या होत्या फक्त 3. मला हा फरक लई मोठा वाटतो, म्हणून काय काय बदललं ते सगळं लिहून ठेवतोय.

आधी सेटअप. आपण सगळे व्हिडिओ बघून शिकलो आणि ते व्हिडिओ असतात अमेरिकेतल्या बास माशाचे. बॉक्सवर बास, रॉडवर बास, बेडकाच्या पाकिटावरपण बासचाच फोटो. आपल्या मांजरेत बास नाही, पण दोघांची राहायची जागा बघा, सारखीच. बास गवताच्या कडेला, बुडालेल्या झाडाखाली दबा धरून बसतो, आपली मरळ बेशरमाच्या झाडाखाली आणि पाणकणसात. दोघंही वरून जाणाऱ्या बेडकावर खालून येतात. म्हणून सामान तेच चालतं, साडेसहा ते सात फुटी मिडियम हेवी रॉड, फास्ट अ‍ॅक्शनचा, म्हणजे नुसतं टोक वाकणारा आणि खालचा भाग ताठ राहणारा. पण तोंडात फरक आहे आणि तिथंच माझे दोन सीझन गेले. मरळीचा जबडा नुसता हाडाचा, वर दात. व्हिडिओत बघून मी मनगटानं झटका द्यायचो, गळ त्या हाडावरून घसरून यायचा आणि बेडूक सणकन माझ्याकडं. आता पाणी फुटलं की रॉड खाली धरतो, मनात एक, दोन म्हणतो, दोरी जड लागली की मग कमरेपासून वळून पूर्ण ओढतो. हे दोन आकडे म्हणणंच सगळ्यात अवघड. आवाज एवढा मोठा होतो की हात आपोआप वर जातो. मी घरी गच्चीवर पुतण्याला दोरीचं टोक धरायला लावून याची प्रॅक्टिस केली, तो त्याच्या मनाला येईल तव्हा झटका द्यायचा आणि मी थांबायचं, आठवडाभर रोज अर्धा तास.

दोरी. तंगूस, म्हणजे साधी नायलॉनची दोरी, पूर्ण सोडला मी बेडकासाठी. तंगूस ताणतो, आणि 25 मीटरवर मासा असला की आपला अर्धा झटका त्या ताणातच जातो. ब्रेड, म्हणजे धागे विणून केलेली दोरी, ताणत नाही आणि पाण्यावर तरंगते, म्हणून बेडकाला तीच चांगली. माझ्याकडं पीई 3 आहे, साधारण 40 पौंडाची. पीईचा आकडा म्हणजे जाडी, पीई 1 म्हणजे 0.165 मिलिमीटर, आणि पीई 3 त्याच्या तिप्पट जाड नसते हे लक्षात घ्या, ती साधारण 0.285 भरते. नवीन पोरं तिप्पट समजून पातळ घेतात आणि बेशरमाच्या खोडात तुटली की माशाच्या तोंडात बेडूक तसाच राहतो. तो मासा मग काय खाणार, सांगा. पुढं फ्लुरोकार्बनचा लीडर (गळाजवळ जोडायचा वेगळ्या दोरीचा तुकडा) बेडकाला लावू नका, ते बुडतं आणि बेडकाचं नाक खाली ओढतं. ड्रॅग, म्हणजे किती जोर आला की रीळनं दोरी सोडायची ते, मी सामान मोजायच्या काट्यावर सेट करतो, गळ काट्याला अडकवायचा, ओढायचं, 4 किलोला सुटायला पाहिजे.

बेटकास्टरवरची दोरीची गुंतागुंत, ज्याच्यामुळं विकायला निघालो होतो, ती दोन गोष्टींनी कमी झाली. एक, प्रत्येक वेळी बेडूक बदलला की स्पूलचा नॉब परत लावायचा. रॉड आडवा धरून बटण दाबायचं, बेडूक हळूहळू खाली यायला पाहिजे आणि जमिनीला टेकला की स्पूल तिथंच थांबायला पाहिजे, फिरत राहिला तर अजून आवळा. दुसरं, अंगठा. बेडूक पाण्याला टेकायच्या एक क्षण आधी अंगठा स्पूलवर टेकलेला पाहिजे. वाऱ्याच्या तोंडावर मी अजूनही फेकत नाही, तिथं 2500 साइजचं स्पिनिंग रीळ आणि पीई 1 आहेच, त्याच्यावर छोटा स्पिनर लावून चिलापी खेळायची. इथले मासेमार मामा लोक गांडुळावर काढतात तेवढ्या नाही निघत पण मजा येते.

अजून एक, सामान सांभाळायचं. आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे 42 डिग्री. मी रबरी किडे साध्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवले होते, गाडीच्या डिकीत, चार दिवसांनी उघडलं तर डब्याच्या तळाला वितळून एक जांभळा चिकट थर झाला होता आणि डबापण मऊ पडला होता. सॉफ्ट प्लास्टिक ज्या पाकिटात येतं त्याच पाकिटात ठेवायचं, रंग वेगवेगळे, आणि सावलीत.

आता ज्याच्यासाठी खरं लिहायला बसलो ते.

मागच्या वर्षी धनेगावला मी जाळ्यात अडकलो. पाण्यावर रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या, मला वाटलं कचरा आहे, आणि बाटल्यांच्या पलीकडं झाड बुडालेलं दिसलं म्हणून क्रँकबेट, म्हणजे प्लास्टिकचा खोटा मासा, तिकडं फेकला. दोन तीन-काटी गळ त्याला. ओढलं तर जड, हळूहळू जवळ आलं, बघतो तर चार बोटांच्या आसीचं, म्हणजे तेवढ्या घराचं, जाळं, दोन्ही गळ त्याच्यात आणि एका रोहूच्या कल्ल्यात. मी खिशातनं कात्री काढली आणि दोन घरं कापलीपण. तेवढ्यात थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातानं पाणी मारत एक मामा आले. शिव्या नाहीत, काही नाही. म्हणले, "पाव्हणं, अडकलंय तुमचं, मग तुमची दोरी कापा की, आमचं जाळं कशाला कापलालाव?"

मला उत्तर नव्हतं. मामांनी तराफ्यावर बसल्या बसल्या पाच मिनिटांत दोन्ही गळ सोडवले, एक दोरा न तोडता, रोहू काढून जाळीच्या पिशवीत टाकला आणि क्रँकबेट माझ्या हातात दिला. मी पैसे काढले तर घेईनात. शेवटी चहाला थांबले काठावर आणि त्या अर्ध्या तासात मला जेवढं कळलं तेवढं तीन सीझनच्या व्हिडिओत कळलं नव्हतं.

धरणातली मासेमारी मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यावर असते. पावसाळ्यात त्यांनीच पैसे घालून बोटुकली, म्हणजे माशांची बारकी पिल्लं, सोडलेली असते, कटला, रोहू, मृगळ. संध्याकाळी जाळं लावायचं, पहाटे उचलायचं. 2016 साली मांजरा आटलं, ते आपल्या लातूरकरांना सांगायला नको, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, 12 एप्रिलला पहिली गाडी, 10 वाघिणी, 5 लाख लिटर. आपण सगळे तव्हा घागरी घेऊन टँकरच्या रांगेत होतो. मी मात्र कधी विचारच केला नव्हता की त्या साली धरणातल्या माशांचं काय झालं. मामा म्हणले तळाला भेगा पडल्या होत्या, जाळी घरात खुंटीला टांगली आणि सगळं घर ऊसतोडीला गेलं. मग पाणी आल्यावर परत शून्यातनं बोटुकली सोडली. म्हणजे आपण ज्या पाण्यात हौसेनं बेडूक फेकतो ते पाणी असं परत उभं केलेलं आहे.

तर तव्हापासून मी आधी काठावर कोण आहे ते बघतो, विचारतो, सोसायटीचा माणूस असला तर परवानगी आणि जे काही पैसे असतील ते. नाही म्हणले तर परत. बाटली, थर्माकोलचा तुकडा, वाळलेला भोपळा, काहीही ओळीत तरंगताना दिसलं की ते जाळं समजायचं आणि त्याच्या अलीकडंच फेकायचं. दोन बाटल्यांच्या मधी तर कधीच नाही. कटला-रोहू चुकून लागला तर तो मामांचा, नेऊन द्यायचा. आणि गळ अडकलाच तर दोरी आपली कापायची, हे मी रॉडच्या मुठीवर मार्करनं लिहून ठेवलंय.

गाळपेरीचं पण सांगतो. पाणी उतरलं की खाली झालेल्या जमिनीवर लोक कलिंगड, काकडी, कडवळ करतात. वरून बघितलं तर मोकळा गाळ दिसतो आणि आपण बूट घालून सरळ पाण्याकडं निघतो, खाली वेल नुकते धरलेले असतात. बांध कुठाय ते विचारा, लांबून जा. मोटारीच्या पाइपाजवळ फेकू नका, फुटव्हॉलच्या जाळीत गळ अडकला की शेतकऱ्याला पाण्यात उतरावं लागतं, आणि मोटारीच्या वायरी काठानं उघड्यासारख्या पडलेल्या असतात, ओल्या पायानं तिथं उभं राहणं म्हणजे जीवाशी खेळ. बायका धुणं धुवायला येतात त्या घाटावर तर रॉड काढायचाच नाही, कितीबी मरळ दिसू द्या.

आपसातलं. जो आधी आला त्याची जागा. त्याच्या दोन्ही बाजूला 40-50 फूट तरी सोडा, आणि तो जिथं फेकतोय त्याच्या दोरीवरून आपली दोरी नेऊ नका. पीठगोळ्यावर रोहूला बसलेले तात्या लोक पहाटे चारा टाकून तीन तीन तास थांबलेले असतात, त्यांच्या शेजारी धपाधप बेडूक आपटला की त्यांची सकाळ गेली. मागच्या रविवारी साई बॅरेजला एका पोरानं नेमकं हेच केलं, मी जवळ जाऊन हळूच सांगितलं, ऐकलं त्यानं, आणि नंतर त्याच तात्यांनी त्याला त्यांच्या जवळचा पेंडीचा गोळा दिला.

पिल्लांचा विषय माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसतो, बारीक बारीक बुडबुडे येतात, त्याच्या खाली मरळीचं जोडपं राखण करत असतं. त्या घोळक्यावर बेडूक टाकला की मरळ मारणारच, भुकेनं नाही, पिल्लांसाठी. सोपी मरळ आहे ती. पण ती काढली की घोळका चिलाप्या आणि बाकीचे मासे संपवतात. बासचा नरपण घरट्यावर असाच राखण करतो आणि तिकडंही यावरून लोकांच्यात दोन तट आहेत. माझं मत पक्कं आहे, घोळका दिसला की रॉड खाली. गेल्या आषाढात एका ठिकाणी मी नुसता बसून बघत राहिलो, जोडपं आळीपाळीनं वर येऊन हवा घेत होतं, एक वर आला की दुसरा खाली. मरळीला हवा लागतेच, नुसत्या कल्ल्यावर तिचं भागत नाही. तो तासभर मी विसरणार नाही.

सोडायचं म्हणलं तर हात ओले करून धरा, अंगावरचा बुळबुळीतपणा हेच तिचं चिलखत आहे, तापलेल्या दगडावर ठेवून फोटो काढू नका. गळाची उलटी नोक मी पकडीनं दाबून टाकली आहे सगळ्या बेडकांची, तरी त्या 8 हातात आल्याच. पण सगळंच सोडायचं असंही नाही. थाई मागूर लागला तर परत पाण्यात टाकू नका, त्याच्यावर बंदी आहे आणि तो बाकीच्यांना संपवतो. जपानमधी बास बाहेरून नेलेला मासा आहे, तिथल्या बिवा तलावातनं 2009 साली 22 पौंड 4 औंसांच्या वरचा बास निघाला आणि 1932 च्या जॉर्जियातल्या रेकॉर्डची बरोबरी झाली. पण त्याच तलावात 2003 पासून पकडलेला बास परत सोडायला मनाई आहे, कारण तिथले मूळचे मासे कमी होत चाललेत. म्हणजे पाणी बघून ठरवायचं.

आणि ब्रेड दोरीचे तुकडे. ते कुजत नाहीत. मी कमरेला फिल्मच्या जुन्या डबीसारखी एक डबी बांधली आहे, सगळे तुकडे त्याच्यात. पाणकावळ्याच्या पायात अडकलेली दोरी एकदा सोडवली आहे मी, तो चोच मारत होता आणि पाय काळा पडला होता.

परवा परत धनेगावला गेलतो. पहाटे चारला लातूर सोडलं, उजाडायला पोचलो. तेच मामा जाळं उचलत होते. मी काठावर थांबलो, त्यांचं होईपर्यंत पाण्यात काही टाकलं नाही. जाताना त्यांनी तराफ्यावरूनच हात करून बेशरमाची एक कोपची दाखवली, जाळ्यापासून लांब, म्हणले, "तिकडं दोन दिस झालं फुटलालंय पाणी, मोठीय, आम्हाला काय घावंना." तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं. एक, दोन. 2 किलो 300 ग्रॅम, माझ्या काट्यावर. मामांना विचारलं नेता का, तर म्हणले सोडा, अंड्यावर आलीय, पावसाळ्याला तिथंच पिल्लं काढंल. सोडली. पुढच्या रविवारी जाळं पलीकडच्या काठाला नेणार आहेत, ही बाजू मोकळी राहील, मी जाणार आहे, आणि येताना त्यांनी जाळं विणायला नायलॉनचा दोरा आणायला सांगितलाय, 210 चा, पांढरा.