नर्मदेच्या टापूवर वानुआतूचा कागद

तळोदा सुटलं, कोठार मागे पडलं आणि चांदसैली घाटात जीप पहिल्या गिअरवर आली तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. सागाची वाळकी पानं रस्त्यावर पसरलेली, चाकाखाली कुरकुरणारी. जीपमध्ये धडगावला निघालेली दोन कुटुंबं, एक शेळी, टपावर कौलं आणि रेशनची पोती. माझ्या पिशवीत मात्र एक कागदांचा जुडगा होता, पॅसिफिक महासागरातून आलेला. वानुआतू नावाच्या बेटांच्या देशानं २०१६ ते २०३० या काळासाठी केलेला राष्ट्रीय आराखडा.

मी धुळ्याला कॉलेजात भूगोल शिकवते. प्रादेशिक नियोजन शिकवताना बेटांवरच्या वस्त्यांचा भाग आला की वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हे आपल्याला कशाला? खान्देशात कुठे बेट आहे?" मागच्या दिवाळीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता नर्मदाकाठच्या एका पाड्यावर शिक्षक आहे. म्हणाला, "मॅडम, बेट बघायला पॅसिफिकला कशाला जाता? माझी शाळा बेटावरच आहे. या."

धडगावहून भुषाकडे उतरणारा रस्ता वळणावळणांचा. शेवटच्या वळणावर ड्रायव्हरनं जीप थांबवली. "ताई, आठून पुढे रस्ता नही. आते पानीच शे."

खरंच पाणीच होतं. निळं-हिरवं, स्थिर, डोंगरांच्या कुशीत घुसलेलं. नदी म्हणावी तर वाहत नव्हतं. हा सरदार सरोवराचा फुगवटा. हा जलाशय २१४ किलोमीटर लांब आहे. पंडित नेहरूंनी १९६१ मध्ये पायाभरणी केली, २०१७ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला टेकलं. आपल्याकडची अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली ३३ गावं त्याच्या कक्षेत आली. गावाची सपाट शेती, नदीकाठ, वाटा पाण्याखाली गेल्या. डोंगरमाथे तेवढे उरले. पाणी चारही बाजूंनी किंवा तिन्ही बाजूंनी भिडलं की त्या माथ्याचा टापू होतो. लोक टापूच म्हणतात. कुणी तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींत गेले, कुणी वरच्या उतारावर सरकून इथेच राहिले.

बोटीत आम्ही बाराजण होतो. डिझेलचा कॅन, पत्र्याच्या दोन शीट, एका बाईच्या मांडीवर तापानं फणफणलेलं पोर, धडगावच्या दवाखान्यातून परत निघालेलं. या भागासाठी तरंगता दवाखानाही आहे, बोटीतूनच गावोगाव फिरणारा. पण ताप काही बोटीचं वेळापत्रक बघून येत नाही. नावाडीदादा पन्नाशीचे, अंगानं काटक. मधेच एका ठिकाणी, जिथे मला नुसतं मोकळं पाणी दिसत होतं, तिथे त्यांनी इंजिन बंद केलं, पंखा वर उचलला, बोट तशीच वाहू दिली आणि पुन्हा सुरू केलं. असं तीनदा झालं. मला वाटलं डिझेल वाचवत असतील.

२०२० च्या टाळेबंदीत याच पाण्यावर चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे रोज होडी वल्हवत १८ किलोमीटर जा-ये करायच्या, बाळांची वजनं घ्यायला आणि गरोदर बायांना बघायला. तेव्हा मी ती बातमी वर्गात वाचून दाखवली होती. आता त्या पाण्यावर बसल्यावर १८ या आकड्याचा अर्थ हाताला कळला. मी दहा मिनिटं वल्हं मारून पाहिलं, तळव्याला फोड आला.

टापूवर उतरलो तर काठाला पाणी चार-पाच हात उतरलेलं. उघड्या पडलेल्या गाळावर हरभरा उभा होता. गाळपेर. किती दिवस ही जमीन आपली राहील हे पाणी सोडणारा ठरवणार, म्हणून पेरणीचं धाडसही बेतानंच. वर चढून गेलं की कुडाच्या भिंतींची घरं, शेणानं सारवलेली, कौलारू. शाळा म्हणजे पत्र्याचं एक लांब छप्पर. माझ्या विद्यार्थ्यानं मुलांना सांगितलं, "या माझ्या मॅडम." मुलांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सरांनाही कुणीतरी शिकवलेलं असतं याचं त्यांना फार नवल वाटलं.

दुपारी त्याच्या शेजारच्या आजीच्या ओट्यावर बसलो. ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, ठेचा. आजी पावरी, म्हणजे इथल्या पावरा आदिवासींची बोली, बोलायची, तो मराठीत सांगायचा. मी पिशवीतला जुडगा काढला.

वानुआतूबद्दल थोडं सांगते. ऐंशीच्या वर बेटं, लोकसंख्या तीन लाखांच्या घरात, म्हणजे एकट्या धुळे शहराहून कमी. भाषा मात्र शंभराच्या वर. १९८० मध्ये स्वतंत्र झालेला देश. त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय की देशातली सगळी जमीन तिथल्या मूळ पारंपरिक मालकांची आणि त्यांच्या वंशजांची. तिथली सरकारं अविश्वास ठरावांनी सारखी बदलतात. तरी हा पंधरा वर्षांचा आराखडा टिकून आहे. त्याचं नावच मुळी जनतेचा आराखडा. समाज, पर्यावरण आणि अर्थव्यवस्था हे तीन खांब आणि एकूण १५ ध्येयं. पहिल्या खांबाचं पहिलं ध्येय कोणतं, तर जिवंत सांस्कृतिक ओळख. शिक्षण आणि आरोग्य त्यानंतर येतात. आयुष्यभर नियोजनाचे कागद वाचत आले, संस्कृती नेहमी शेवटच्या पानावर, बहुधा पर्यटनाच्या मथळ्याखाली बघत आले. इथे ती पहिल्या ओळीत होती, आणि त्या ओळीनं मला हा प्रवास करायला लावलं.

ही ओळ हवेतून आलेली नाही. २०१० मध्ये त्यांच्या सांख्यिकी कार्यालयानं, पारंपरिक प्रमुखांच्या मालवातुमाउरी या राष्ट्रीय परिषदेसाठी, घरोघर जाऊन पाहणी केली आणि २०१२ मध्ये अहवाल काढला. माणसी उत्पन्नात हा देश गरीब दिसतो. पण ज्याच्याकडे स्वतःची जमीन, जंगलातलं लाकूड, समुद्रातले मासे, हाकेला येणारे भाऊबंद आहेत तो गरीब कसा, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून त्यांनी वेगळंच मोजलं. तुम्हाला पारंपरिक जमीन कसायला मिळते का? तुमच्या बोलीत झाडांची, पक्ष्यांची नावं किती येतात? समाजाच्या कार्यात तुम्ही असता का? आपल्या पारंपरिक जमिनीवर राहणारी माणसं सरासरीनं जास्त समाधानी निघाली.

हे सगळं मी आजीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, मग एवढंच विचारलं, "मग आम्हाला का नाही विचारलं?"

खरंच, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे राज्यांमधल्या नर्मदेच्या पाणीतंट्यावरचा, १९७९ चा नर्मदा लवादाचा निवाडा होता, आणि मी तो नेहमी आदरानं शिकवते. त्या काळाच्या मानानं तो पुढचा होता. जमिनीच्या बदल्यात जमीन, जमीनधारक कुटुंबाला किमान दोन हेक्टर, सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा, हेही त्यातच ठरलं. पण त्या निवाड्यानं हेक्टर मोजले. नदीकाठची उन्हाळी माशांची जागा, डोंगरातला महू (म्हणजे मोह), पलीकडच्या गावाला लेक दिली तर पायी जाता येणं, कुणाचं छप्पर शेकारायचं असलं की सगळ्या पाड्यानं फुकट राबायचं (आपण इर्जिक म्हणतो तीच रीत) हे कोणत्या रकान्यात भरायचं? आजीची एक बहीण तळोद्याकडच्या वसाहतीत आहे. तिला जमीन मिळाली, वीज आहे, रस्ता आहे. आजी म्हणाली, "तिचं बरं आहे. पण ती होळीला इथे येते."

वानुआतूला स्वर्ग ठरवायचा माझा विचार नाही. तिथल्या राजधानीच्या एफाते बेटावर किनाऱ्याची पुष्कळ जमीन भाडेपट्ट्यानं बाहेरच्यांच्या हातात गेलीय. परदेशी मदतीवर देशाचा मोठा भार आहे. मार्च २०१५ मध्ये पाम चक्रीवादळ आलं आणि देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या सुमारे ६४ टक्के इतकं नुकसान एका फटक्यात झालं. तरी मृतांची संख्या विशीच्या आत राहिली. पूर्वसूचना मिळाली होती, आणि वादळात तग धरणारी, जमिनीला टेकलेल्या छपरांची जुनी घरंही कामाला आली. असल्या जुन्या शहाणपणाची आराखड्यात दखल आहे.

पण मला त्यांच्याकडून खरं शिकायचं ते पुढचं आहे. २०१७ मध्ये आंबे नावाच्या बेटावरचा ज्वालामुखी जागा झाला आणि बेटावरच्या सगळ्या, सुमारे ११ हजार माणसांना शेजारच्या बेटांवर हलवावं लागलं. परतले, तर २०१८ मध्ये पुन्हा हलवावं लागलं. त्याच वर्षी त्या देशानं विस्थापनासाठी वेगळं राष्ट्रीय धोरण केलं. त्यात घर आणि जमीन आहेच. शिवाय माणसांबरोबर त्यांची भाषा, रीती, मनाची अवस्था यांचीही तजवीज करायची, आणि ज्या गावात ते जाणार त्या गावाचाही विचार करायचा, असं लिहिलंय. सरकारी धोरणात हे वाचून मला एकदम तळोद्याच्या वसाहतीतली आजीची बहीण आठवली, जिला मी तोवर बघितलंही नव्हतं.

संध्याकाळी मी एक प्रयोग केला. आजीचा नातू दहा वर्षांचा, शाळेत चौथीला. त्याला वानुआतूच्या पाहणीतला प्रश्न विचारला: "तुझ्या बोलीत झाडांची नावं सांग, जितकी येतील तितकी." तो बोटं मोजत सुरू झाला. महू, साग, टेमरू, चारोळी, धावडा, सालई, खैर, अंजन. मग थांबला. आजीनं हळूच पुस्ती जोडली: उंबर, जांभूळ, करंज. पोरानं तीही म्हटली. मी विचारलं, "करंज दाखवशील?" तो उठला, अंगणाच्या कडेला गेला आणि पाण्याकडे बोट केलं. "खाली आहे."

नाव येतं, झाड बघितलेलं नाही. काठाची झाडं त्याच्या जन्माआधीच बुडालेली. आजी सांगत होती, इंदलच्या पूजेला कळंबाच्या फांद्या लागतात, त्या आता लांबून, दुसऱ्या डोंगरावरून आणाव्या लागतात. मी वहीत लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, हे मोजायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. एक ओटा, एक मूल, दहा बोटं. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झाला तेव्हापासून कुपोषणाचे, साक्षरतेचे आकडे दरवर्षी छापले जातात. ते छापायलाच हवेत. त्या आकड्यांमागे पोरांचे जीव आहेत. पण त्यांच्या शेजारी हाही एक रकाना हवा. बिलगावच्या लोकांनी २००३ मध्ये उदई नदीच्या धबधब्यावर श्रमदानानं छोटं जलविद्युत केंद्र उभारलं होतं, स्वतःची वीज स्वतः केली होती. पुढे फुगवट्याच्या पाण्यात ते गेलं. लोकांना आराखडा करता येतो, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

रात्री माझ्या विद्यार्थ्यानं जुडगा मागून घेतला. सकाळी बघते तर समासात त्यानं पेन्सिलीनं पावरीत शब्द लिहिले होते, देवनागरीतून. पंधराही ध्येयांना. मुलांना वाचून दाखवणार म्हणाला. मी तो जुडगा तिथेच ठेवून आले.

परतीची बोट नऊला होती. आजीनं फडक्यात बांधून आमचूर दिलं, मागच्या उन्हाळ्यातलं. नावाडीदादा तेच, बोटही तीच. कालच्याच जागी त्यांनी पुन्हा इंजिन बंद केलं, पंखा वर उचलला. या वेळी मी विचारलं, "दादा, इथे काय आहे?"

"उंबर," ते म्हणाले. "आमच्या काकाच्या शेताच्या बांधावरचा. फांदीला पंखा अडकतो." थोडं पुढे गेल्यावर हात लांब करून दाखवलं, "ही इकडून तिकडं आंब्यांची रांग. सहा होते, एक आधीच तोडला होता." पाण्यावर काहीच नव्हतं, नुसतं ऊन. ते मात्र बोट उंबराच्या डावीकडून, आंब्यांच्या मधून, जुन्या पायवाटेनं नेत होते. काठ जवळ आल्यावर त्यांनी तिसऱ्यांदा इंजिन थांबवलं आणि मागे वळून आम्हा सगळ्यांना सांगितलं, "जरा धरून बसा. खाली महू आहे."