पुन्हा एकदा म्हणाल का?

काचेच्या पलीकडे चौघे होते: आई, वडील, त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा आणि माझी प्रशिक्षणार्थी. अलीकडे अंधाऱ्या खोलीत मी एकटी. त्यांच्या बाजूने ती काच म्हणजे आरसा. मागे कोणीतरी बसून बघतंय हे त्यांना ठाऊक असतं, पहिल्याच दिवशी तशी लेखी संमती घेतलेली असते. माझ्या हातात फोन, प्रशिक्षणार्थीच्या कानात छोटा इअरफोन. ती अडली तर मी दोन शब्द सुचवायचे, एवढंच माझं काम. त्या दिवशी मी चार शब्द सुचवले आणि चारही चुकीचे होते.

आमचं केंद्र श्रद्धेचं भान ठेवून कौटुंबिक समुपदेशन करतं. हे ऐकून काहींना वाटतं की इथे प्रवचन मिळेल. काहींना वाटतं की इथे औषधाऐवजी देव सुचवतात. दोन्ही खोटं आहे. आम्ही फक्त येणाऱ्याची श्रद्धा दाराबाहेर ठेवायला लावत नाही. पहिल्या भेटीत चार गोष्टी विचारतो: तुम्ही काय मानता, आयुष्यात त्याला किती वजन आहे, सोबत कोण आहे आणि यातलं काय इथे आणायचं आहे. क्रिस्टिना पुचाल्स्की या डॉक्टर बाईंनी १९९६ मध्ये दवाखान्यांसाठी अशी चौकट तयार केली, तीच आम्ही आमच्या कामापुरती वळवून घेतली आहे. समुपदेशकाने स्वतः काय मानायचं, हा प्रश्न त्यात कुठेच नाही. माझ्या या प्रशिक्षणार्थीला मी तो कधी विचारलाही नाही.

हे कुटुंब कोणत्या धर्माचं, ते मुद्दाम लिहीत नाही. ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत. कोणत्याही धर्माच्या वाचकाला ही शेजारच्या घरातली गोष्ट वाटेल, आणि ती तशी असूही शकते.

ते आले होते नवरा-बायकोच्या भांडणासाठी. मुलगा रात्री दोन-दोन तास प्रार्थना करतो, सकाळी उठत नाही, शाळा बुडते, वडील ओरडतात, आई मुलाची बाजू घेते. ‘आजकाल कुठली मुलं एवढं करतात हो?’ असं आई म्हणाली, तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती, कौतुक होतं. वडील हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत होते.

तीन भेटींत मी माझा नकाशा काढून टाकला. मरे बोवेन यांचा त्रिकोण आमच्या व्यवसायात पहिल्या वर्षी शिकवतात: दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला आत ओढलं जातं. इथे आई आणि मुलगा श्रद्धेच्या धाग्याने एका बाजूला, वडील बाहेर. मुलगा प्रार्थनेत जितका खोल जातो तितका आईच्या जवळ आणि बापापासून लांब. फळ्यावर मी तीन रेघा मारल्या आणि प्रशिक्षणार्थीला म्हणाले, ‘बघ, किती स्वच्छ केस आहे.’ ती काही बोलली नाही. वहीत उतरवून घेतलं. एवढ्या स्वच्छ केसचा खरं तर मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

चौथी भेट बरी चालली होती. बाप-लेक एकमेकांशी थेट चार वाक्यं बोलले. शेवटी घरच्यांच्या विनंतीनुसार त्यांचीच एक छोटी प्रार्थना म्हणायची, असं आधीपासून ठरलेलं होतं. कागद त्यांनीच आणला होता. प्रशिक्षणार्थीने वाचली. जेमतेम अर्धं मिनिट.

मुलगा म्हणाला, ‘पुन्हा एकदा म्हणाल का? मध्ये माझं लक्ष दुसरीकडे गेलं.’

तिने पुन्हा म्हटली. आईचे डोळे भरले होते. खरं सांगायचं तर काचेमागे माझेही.

‘सॉरी, अजून एकदा? तो तिसरा शब्द नीट ऐकू नाही आला.’

पन्नास मिनिटं संपत आली होती, पुढचं कुटुंब बाहेर बसलं होतं, आणि एक मुलगा प्रार्थना मागत होता. मी फोन उचलला आणि म्हणाले, ‘म्हण आणखी एकदा. संपव.’

तिने कानातला इअरफोन काढला आणि मांडीवर ठेवला. माझ्या समोर, म्हणजे आरशासमोर. मग कागद घडी करून बाजूला सारला आणि मुलाला शांतपणे विचारलं, ‘आता नाही म्हटली, तर काय होईल असं वाटतं?’

त्यानंतरची शांतता किती वेळ टिकली ते रेकॉर्डिंगवर मी नंतर मोजलं. छत्तीस सेकंद. समुपदेशनाच्या खोलीत छत्तीस सेकंद म्हणजे फार झाले. आई काहीतरी बोलायला निघाली होती, प्रशिक्षणार्थीने हात किंचित वर करून तिला थांबवलं.

‘बाबांना काहीतरी होईल,’ मुलगा म्हणाला.

मग बांध फुटला. वर्षभरापूर्वी भांडणात त्याच्या मनात येऊन गेलं होतं, हे मेले तर बरं. एकदाच. त्या रात्री त्याने क्षमा मागितली. पण नीट मागितली का, अशी शंका आली, म्हणून पुन्हा मागितली. मग प्रार्थनेच्या ऐन मधोमध तोच विचार यायला लागला, की सुरुवातीपासून परत. एखादा शब्द अडखळला, परत. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, परत. बाबा घरी यायला उशीर झाला की उभ्याउभ्या मनातल्या मनात. ज्या माणसाला मी त्रिकोणाच्या बाहेर बसवलं होतं, त्याच्या जिवासाठी हा मुलगा रोज दोन तास जागत होता, आणि तोच माणूस त्याला त्या जागरणाबद्दल रोज ओरडत होता.

वडिलांनी एवढंच विचारलं, ‘कधीपासून?’ उत्तर आधीच मिळालेलं होतं, तरी विचारलं.

प्रशिक्षणार्थीने पुढे जे विचारायला हवं ते सगळं विचारलं. जगावंसं वाटत नाही, स्वतःला काही करून घ्यावं असं कधी वाटतं का, हेही. अशा प्रश्नाने तो विचार डोक्यात पेरला जातो, ही भीती खोटी आहे, हे आम्ही प्रत्येक तुकडीला शिकवतो. तरी पालकांसमोर विचारताना नवख्याची जीभ अडखळते. तिची नाही अडखळली. नंतर त्याच्याशी एकट्याशी बोलून तिने तो पुन्हा विचारला. थकवा होता, पण तसा विचार नव्हता.

मराठीत याला फार जुना आणि नेमका शब्द आहे: मंत्रचळ. तो शब्द माझ्या जिभेवर लहानपणापासून असताना मला दिसला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. ओसीडी, म्हणजे नको ते विचार मनात घुसतात आणि ते शमवायला एकच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते असा आजार, म्हटलं की आपल्याला हात धुणारा माणूस आठवतो. पण त्याचा एक प्रकार नेमका पाप, क्षमा आणि शुद्धता यांनाच धरतो. त्याला स्क्रुपुलॉसिटी म्हणतात. लॅटिनमध्ये ‘स्क्रुपुलस’ म्हणजे टोकदार बारीक खडा. चपलेत शिरलेला खडा समजा. माणूस चालत राहतो, पण लक्ष सगळं खड्यावर.

खुणा समोर होत्या. पहिल्या भेटीच्या फॉर्मवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: सामूहिक प्रार्थनेला जाणं बंद. मी ते ‘वय’ म्हणून सोडून दिलं. खरं कारण असं की सगळ्यांबरोबर म्हणताना मागे जाऊन शब्द दुरुस्त करता येत नाही. ज्याची श्रद्धा वाढते आहे तो मुलगा आपल्या लोकांत जाणं का सोडेल? भक्तीने माणूस थोडा तरी मोकळा होतो. इथे दोन मिनिटं सुटका आणि लगेच नवी शंका. शिवाय धर्माने सांगितलेल्या बाकी दहा गोष्टी बाजूला पडून एकाच गोष्टीचा इतका काटेकोरपणा, की खुद्द धर्मानेही तो कधी मागितलेला नाही.

मग मला का दिसलं नाही? १९०७ मध्ये फ्रॉइडने ऑब्सेशनच्या कृती आणि धार्मिक विधी शेजारी-शेजारी ठेवून तुलना केली. श्रद्धाळू माणसं आमच्या व्यवसायाकडे पाठ फिरवून बसली, त्याला अशा लिखाणानेही हातभार लावला. १९९४ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी नोंद आली, आणि तीही आजार म्हणून नाही, लक्ष द्यायची बाब म्हणून. मी याच बदलाच्या काळात घडले. कोणाच्या प्रार्थनेला आजार म्हणायचं नाही, हे माझ्यात इतकं मुरलं होतं की आजार प्रार्थनेचे कपडे घालून आला तेव्हा मी उठून त्याला खुर्ची दिली. केंद्राच्या नावातच श्रद्धा आहे म्हटल्यावर इथे तो अधिकच आरामात बसणार.

संध्याकाळी प्रशिक्षणार्थी माझ्या खोलीत आली ती राजीनाम्याच्या तयारीने आल्यासारखी.

‘मॅडम, मी तुमचं ऐकलं नाही.’

‘बस. कसं कळलं तुला?’

‘नाही कळलं. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं की मी प्रार्थना म्हणत नाहीये, त्याला काहीतरी पाजतेय. तिसऱ्यांदा पाजवेना.’

पुस्तकात याला फॅमिली ॲकोमोडेशन म्हणतात: घरचे लोक प्रेमापोटी आजाराच्या नियमांप्रमाणे वागू लागतात. आई रोज रात्री ‘झालं बाळा, देवाने ऐकलं’ असं दहादा सांगत होती. त्या दिवशी अकराव्यांदा सांगायला मी निघाले होते. सुपरव्हिजनच्या नोंदीत मी माझी सूचना जशीच्या तशी लिहिली आणि तिने ती पाळली नाही हेही. खाली सही केली. ती नोंद आता दर वर्षी नव्या तुकडीला वाचायला देते. माझ्या वयाचे काही सहकारी म्हणतात, याने शिस्त बिघडेल. बिघडू दे थोडी.

पुढचा मार्ग ठरलेला होता. मुलाला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे मुलांसाठीची दहा प्रश्नांची ओसीडी मोजपट्टी झाली, ० ते ४० गुणांची. आकडा सांगत नाही, पण वाद घालण्यासारखा नव्हता. उपचार एक्सपोजर आणि रिस्पॉन्स प्रिव्हेन्शनचे: भीती वाटेल अशा जागी थोडं थोडं उभं राहायचं आणि सुटकेची कृती करायची नाही. व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये १९६६ मध्ये याची पायाभरणी केली. ते काम त्यातल्या प्रशिक्षित थेरपिस्टकडे गेलं, कुटुंब आमच्याकडे राहिलं.

अवघड भाग होता त्यांच्या धर्मगुरूंचा. पालकांची लेखी संमती आणि मुलाचा होकार घेऊन आम्ही त्यांना भेटलो. ते चटकन म्हणाले, ‘त्यात काय, मी त्याला सांगतो की एकदा पुरे.’ आम्ही म्हटलं, सांगा, पण एकदाच सांगा. तो पुन्हा विचारायला येईल तेव्हा उत्तर देऊ नका. त्यांना हे कठोर वाटलं. मग मी त्यांना जेझुइट संघ स्थापन करणारे ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांचा प्रसंग सांगितला. १५२२ च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसात ते जुन्या पापांच्या शंकांनी इतके पिचले की जीव द्यावासा वाटू लागला. त्यांचे धर्मगुरू म्हणाले, आता जुनं काही कबूल करू नकोस, अगदी स्पष्ट असेल तेवढंच. पण इग्नेशियसना सगळंच स्पष्ट वाटत होतं! सवलतीच्या त्या छोट्या फटीतून खडा परत आत. हे ऐकून कुटुंबाचे धर्मगुरू मोठ्याने हसले, मग गप्प झाले. ‘असे आणखी दोघे आहेत माझ्याकडे,’ म्हणाले.

त्यांनीच एक गोष्ट मोकळी करून दिली. अडखळत म्हटलेली प्रार्थनाही त्यांच्या धर्मात प्रार्थनाच असते, हे त्यांनी मुलाला सांगितलं. एकदाच. हे नसतं तर पुढचं मी होऊ दिलं नसतं. उपचाराच्या नावाखाली कोणाला त्याच्या श्रद्धेविरुद्ध वागायला लावणं आम्हाला मान्य नाही.

अकरावी भेट. शेवटी प्रार्थना म्हणायची की नाही, हे प्रशिक्षणार्थीने मुलावर सोडलं. थेरपिस्टशी आधी बोलून ठेवलेलं होतं. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘म्हणा. एकदाच. आणि तिसरा शब्द गाळा.’

तिने वाचायला सुरुवात केली. पहिला शब्द, दुसरा शब्द, आणि सरळ चौथा. मुलाने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. वडील स्वतःच्या बुटांकडे बघत होते. आईचे ओठ हलले, गाळलेल्या शब्दाच्या आकारात, आवाज न करता.

मी काचेमागे होते म्हणून बरं. माझ्या तोंडून तो शब्द चक्क मोठ्याने निघून गेला होता.