पेट्रोलचा वास आणि बेंझीन

काल वास्कोत स्कूटरची टाकी भरताना पुढचा पोरगा नोझलजवळ नाक नेऊन म्हणतो, काय मस्त वास येतो ना! मी म्हटलं बाबा, त्या वासात बेंझीन असतं, कॅन्सर करणारं. तो हसला नि गेला, मी मात्र घरी येऊन वाचत बसलो.

आपल्याकडे हवेच्या गुणवत्तेच्या 2009 च्या मानकांत हवेतल्या बेंझीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. पण ती झाली हवेची, पंपाशिवाय ते आणखी कुठून बाहेर येतं हे बघायला नको का? तेल-वायूच्या विहिरीतून आलेला नैसर्गिक वायू ओला असतो, तो सुकवायला ग्लायकॉल (पाणी शोषणारा द्रव) वापरतात, ते पाण्यासोबत बेंझीन आणि त्याच्यासारखं टोल्युईनपण शोषतं, मग ग्लायकॉल परत वापरायला तापवलं की पाण्याच्या वाफेबरोबर हे सगळं चिमणीतून बाहेर! अमेरिकेने 1999 मध्ये नेमकं यालाच धरलं, वायू सुकवणाऱ्या मोठ्या युनिटांना ही वाफ 95 टक्के कमी करा म्हणून सांगितलं (किंवा बेंझीन ठरलेल्या मर्यादेखाली आणा). साठवणीच्या टाक्यापण त्यात आल्या, कारण दाबाखालचं तेल टाकीत आलं की त्यात विरघळलेला वायू फसफसून सुटतो. शिवाय उन्हात टाकी तापली की ती चक्क श्वास सोडते, म्हणजे आतली वाफ बाहेर टाकते.

आमच्याकडे मे महिन्यात तर पत्र्यावर पापड भाजेल असं ऊन!