नाताळातली चाकूंची बैठक

नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या सुस्त दिवसांत इंग्लंडमधल्या शेफील्डचा आमचा घडीच्या चाकूंच्या संग्राहकांचा छोटासा गट कुणा एकाच्या घरी जमतो. या गावात चाकू-सुऱ्या करणाऱ्यांची संघटना १६२४ पासून आहे, त्यामुळे इथे हा छंद जडणे फारसे नवलाचे नाही. आमच्यापैकी बरेचजण निवृत्त आहेत, आणि कोट काढून ठेवायच्या आधीच प्रत्येकाला विचारले जाते, की वर्षभर खिशात कोणता चाकू होता.

एकमेकांची ख्यालीखुशाली या उत्तरातूनच कळत जाते. एका माजी शिक्षकाने आपला आवडता कडक स्प्रिंगचा चाकू कपाटात ठेवून हलका चाकू धरला आहे, कारण पाते उघडण्यासाठी नख अडकवायच्या खाचेत अंगठ्याचा सांधा आता जोर घेत नाही. दुसऱ्याचे पाते वर्षभरात निळसर-काळे पडले आहे, म्हणजे त्याने मळ्यात नेहमीपेक्षा जास्त वेळ काढला. पत्नीच्या निधनानंतर तो तिकडेच जास्त रमतो, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. पण बोलणे मात्र साध्या पोलादावर चढलेल्या त्या रंगाबद्दलच झाले, आणि मला ते योग्यच वाटले.

चाकू हातात द्यायचीही एक रीत आहे. तो मिटूनच द्यायचा, घेणाऱ्याने विचारल्याशिवाय उघडायचा नाही, आणि परत देण्यापूर्वी पाते कापडाने पुसायचे, कारण साध्या पोलादावर बोटांच्या ठशांचाही गंज धरतो. मग तो कानाजवळ नेऊन सावकाश उघडायचा आणि मिटायचा. या चाकूंना पाते अडकवून ठेवणारी कळ नसते. पाठीतली पोलादी पट्टी पात्याच्या बुडावर दाबून असते आणि तेवढ्यावरच पाते उघडे राहते. ती पट्टी चोख बसली असेल तर उघडताना आणि मिटताना स्वच्छ 'टक्' ऐकू येते. त्या आवाजावरून चाकूची प्रत ठरवणारी माणसे मी इथे पाहिली आहेत. कळ नसलेला आणि तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू विशेष कारणाशिवाय खिशात बाळगायला १९८८ च्या कायद्याने मुभा आहे, म्हणून हा छंद कपाटाबाहेर राहू शकतो.

यंदा सगळ्यात जास्त वेळ गेला तो सांबरशिंगाच्या मुठीच्या एका जुन्या चाकूवर. त्याचे पाते लॅम्सफूट धाटणीचे आहे: धार अगदी सरळ आणि पाठ टोकाकडे उतरत गेलेली. शेफील्डच्या कारखान्यांनी ही शिंगे पिढ्यानपिढ्या भारतातून मागवली. सांबराचे शिंग आतपर्यंत घट्ट असते, त्यामुळे पातळ पट्ट्या कापूनही ते टिकते. भारताने गेल्या शतकाच्या अखेरीस निर्यात बंद केल्यापासून जुना साठा सोन्याच्या भावाने जातो, आणि त्याबद्दलची हळहळ इथे दरवर्षी ऐकू येते. ही शिंगे दरवर्षी गळून पडतात, मग बंदी कशाला, असा बाकीच्यांचा युक्तिवाद असतो. गळलेले शिंग आणि मारून काढलेले शिंग बाजारात वेगळे ओळखणे किती अवघड आहे, हे मी दरवर्षी सांगतो. मेळघाटात सांबर पाहिलेला मी एकटाच असल्यामुळे माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतात. पटते असे मात्र नाही.

या वेळी मी आजीचा पितळी अडकित्ता नेला होता. त्याला ना स्प्रिंग ना घडी, तरी तो हातोहात फिरला आणि प्रत्येकाने आधी त्याची खीळच न्याहाळली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे, हे सांगितल्यावर दोघांनी लगेच पत्ता लिहून घेतला.

भेटीदाखल चाकू दिला तर घेणाऱ्याने एखादे नाणे परत द्यायचे, नाहीतर मैत्री कापली जाते, अशी इथली समजूत आहे. त्यामुळे या बैठकीला सगळे सुटी नाणी घेऊन येतात आणि अगदी गंभीर चेहऱ्याने त्यांची देवाणघेवाण करतात.

शेवटी यॉर्कशरच्या रिवाजाप्रमाणे नाताळच्या केकबरोबर वेन्स्लीडेल चीज आले आणि नेहमीचा वाद उपटला. आमच्यातल्या एकाकडे स्टॅन शॉ यांनी केलेला चाकू आहे. चौदाव्या वर्षी कामाला लागलेले आणि २०२१ मध्ये ९४ व्या वर्षी निवर्तलेले शॉ हे या गावच्या जुन्या कारागिरीतले अखेरच्या पिढीचे नाव, आणि त्यांच्या चाकूसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. या चाकूने अजून काहीही कापलेले नाही. कापण्यासाठी केलेली वस्तू मखमलीत ठेवणे हा कारागिरावर अन्याय आहे, असे माझे मत आहे आणि मी ते पुन्हा मांडले. मालकाने हसून चाकू पेटीत ठेवला, मळेवाल्याचा काळा पडलेला लॅम्सफूट मागून घेतला आणि त्याने स्वतःसाठी चीजचा चांगला जाड तुकडा कापला.