योहानाच्या पानातलं सिटीलिंकचं तिकीट

ही गेली त्याला चौदा महिने झाले. सकाळी हात अजून दोन कप काढतो. एक परत ठेवतो.

घरात बायबल वाचायची ती. मी नाताळ आणि ईस्टरपुरता ख्रिस्ती. स्कूटर विकल्यावर नाशिकरोडहून शरणपूरच्या चर्चला बसने जायचो. ती आत, मी बाहेर पेपर घेऊन.

मातीच्या वेळी जो तो म्हणे, 'देवाची इच्छा.' खरं सांगतो, चीड आली. असली इच्छा असणाऱ्याच्या दारात मी कशाला जाऊ?

पावसाळ्यात कपाट आवरताना तिचं बायबल हाती आलं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात खुणेला सिटीलिंक बसचं तिकीट, आणि ३५व्या वचनाखाली पेन्सिलची रेघ: 'येशू रडला.' मेलेला मित्र लाजर आता पुन्हा जिवंत उठणार हे ठाऊक असूनही रडला! लाजरच्या बहिणी मार्था-मरीयेला त्याने 'देवाची इच्छा' म्हणून गप्प केलं नाही. पलंगावर बसून मीही रडलो, पहिल्यांदाच मोकळा.

कवी नारायण वामन टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तावरचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. पुढचं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिलं. हे हिनेच सांगितलेलं. माझ्या वाट्याला हिचं अपुरं काम आलंय ते एवढंसं: चर्चमधल्या म्हाताऱ्यांना गीताचं पान काढून द्यायचं. (मी कोण तरुण!) ती पुन्हा भेटेल, असं आता त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणतो.

परवा चष्मा विसरलो, २१४ऐवजी २४१ काढलं. शेजारच्या आजी भलतंच गीत खणखणीत गायल्या.